हायपो म्हणजे खाली, हायपर म्हणजे वर, पण कशाच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरीकडची एक मुलगी यंदा नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आली. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून. 'हायपो' आणि 'हायपर' तिला पाठ आहेत, पण पेपरात हमखास उलटे पडतात. तिचे काका विचारतात, हे शब्द मुळात कुठले, त्यांचा अर्थ काय, आणि पोरीच्या डोक्यात ते पक्के बसावेत म्हणून काय करायचं?

काका, आधी पुतणीला सांगा की उलटं लिहिणारी ती पहिली नाही. मी अठ्ठावीस वर्षं नाशकात लॅब चालवतेय आणि त्यातली बरीच वर्षं नर्सिंगच्या आणि डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, मुलांना शिकवतेय. दर वर्षी निम्मा वर्ग इथेच घसरतो. दोष पोरांचा कमी, शब्दांचाच जास्त. 'हायप' पर्यंत दोन्ही एकसारखे, फरक काय तो शेवटच्या अक्षराचा. त्यात आम्ही शिकवणारे काय करतो, तर फळ्यावर 'हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त' एवढं लिहून पुढे सरकतो. पाठांतराला धरायला काही खुंटीच ठेवत नाही.

ती खुंटी मराठीतच आहे, आणि ओढूनताणून आणलेली नाही.

दोन्ही उपसर्ग ग्रीक. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'हुपेर' म्हणजे वर, पलीकडे. आपण टेबलाखाली, छपरावर म्हणतो तितके साधे, रोजच्या वापरातले शब्द. आता 'हुपो'शेजारी संस्कृतातला 'उप' ठेवा आणि 'हुपेर'शेजारी 'उपरि'. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'उ' आला की त्याला 'ह'चा श्वास लागतोच, तो नियमच आहे. तो 'ह' काढून टाका, उरतं काय? उपो आणि उपेर. हा योगायोग नाही, ही सख्खी भावंडं आहेत.

'उपरि' प्राकृतात 'उवरि' झाला आणि मराठीत येईतो त्याचा 'वर' झाला. म्हणजे आपण ज्याला 'माळ्यावर' म्हणतो त्यातला 'वर' आणि हायपरटेन्शनमधला 'हायपर' एकाच घरचे. मुलांना मी फळ्यावर एकाखाली एक लिहून देते: हायपर, उपरि, वर. तिन्हींच्या शेवटी 'र' आहे. 'हायपो'त 'र' नाही, 'उप'मध्येही नाही. ज्यात 'र' आहे तो वर. बस. पेपरात घाबरगुंडी उडाली तरी एवढं आठवतं.

'उप' ओळखीचा करून द्यायला तर नाशिकसारखं गाव नाही. पुणे रस्त्यानं नाशिकरोडकडे जाताना उपनगरचा स्टॉप लागतो. उप-नगर, म्हणजे नगराच्या कुशीतलं, नगरापेक्षा खालच्या पायरीचं. इंग्रजीत त्याला 'सबर्ब' म्हणतात, आणि त्यातला 'सब' लॅटिन आहे. तोही याच 'उप'चा भाऊ, फक्त लॅटिनमध्ये त्याच्यापुढे 'स' चिकटला. 'हुपेर'चा लॅटिन भाऊ 'सुपर'. म्हणजे सुपरमार्केट आणि हायपरमार्केट या दोन नावांत अर्थाचा काडीचाही फरक नाही. एक लॅटिन पाटी, दुसरी ग्रीक. दुसरीचं दुकान मोठं असतं इतकंच.

हे सांगितलं की वर्गात एक तरी हात वर होतोच: "म्हणजे मॅडम, ग्रीकांनी आपल्याकडून घेतलं?" नाही. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केलं, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघींचं मूळ एकच असावं, आणि ते मूळ कदाचित आता उरलंही नसेल, असा विचार मांडला. पुढच्या दोन शतकांत तो अभ्यासकांनी बारकाईनं पक्का केला. तिघी बहिणी आहेत, कुणी कुणाची आई नाही. इंग्रजीतला 'ओव्हर' आणि जर्मनमधला 'उबर' हेसुद्धा त्याच कुळातले. ती टॅक्सीवाली कंपनी आठवली ना? तिचं नाव त्या जर्मन शब्दावरूनच आलंय.

एक भाऊ फारसीच्या वाटेनंही आपल्याकडे आलाय. जुन्या फारसीतला 'उपरिय' घासत घासत 'बर' झाला. सभा 'बरखास्त' होते तेव्हा माणसं वर उठतात, म्हणजे 'बर' वर आणि 'खास्त' उठणं. 'हुकमाबरहुकूम' मधलाही तोच 'बर'. म्हणजे मराठीत हा एक शब्द तीन दारांनी आत आला: घरचा 'वर', फारसीचा 'बर', आणि दवाखान्यातून आलेला 'हायपर'. आता तर तो दवाखान्यातूनही बाहेर पडलाय. 'तू लगेच हायपर होऊ नको' हे कॉलेज रोडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतं.

इथवर मूळ झालं. पण पोरांची खरी फजिती पुढे होते. 'कमी-जास्त' हा या शब्दांचा नंतरचा अर्थ आहे. आधीचा 'खाली-वर', म्हणजे जागेचा. वैद्यकात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. 'हायपोथॅलॅमस' म्हणजे कमी झालेला थॅलॅमस नव्हे. मेंदूतल्या थॅलॅमसच्या खाली असलेला भाग तो. 'हायपोग्लॉसल' ही जिभेखालून जाणारी बारावी कपालनस. 'हायपोडर्मिक' सुई त्वचेखाली जाते. एका मुलीनं मला एकदा 'हायपोथॅलॅमस'चा अर्थ 'थॅलॅमसची कमतरता' असा लिहून दिला होता आणि पुढे त्याची तीन लक्षणंही लिहिली होती. मी हसले खरी, पण शिकवलेल्या नियमाला ती प्रामाणिक होती.

त्यामुळे शब्द दिसला की आधी विचारायचं, पुढचा तुकडा अवयवाचा आहे की मोजता येणाऱ्या गोष्टीचा? अवयव असेल तर बहुतेक वेळा जागा. साखर, सोडियम, दाब, तापमान असं मोजायचं काही असेल तर प्रमाण. 'बहुतेक वेळा' म्हटलं, कारण थायरॉईड आहे. अवयवाचं नाव असूनही हायपोथायरॉईड म्हणजे थायरॉईडच्या खालचं काही नव्हे, तर त्या ग्रंथीचं काम मंदावणं. अपवाद म्हणून तेवढं वेगळं पाठ करावं लागतं.

इन्सुलिनच्या इंजेक्शनचं उदाहरण मला फार आवडतं. चार्टवर डॉक्टर 'सबक्युटेनियस' लिहितात, सुईच्या वेष्टनावर 'हायपोडर्मिक' छापलेलं असतं. 'सब' लॅटिन आणि 'हायपो' ग्रीक, दोन्ही 'खाली'. 'क्युटिस' लॅटिन आणि 'डर्मा' ग्रीक, दोन्ही 'कातडी'. एकच गोष्ट, दोन भाषांत. पोरगी एका हातात चार्ट आणि दुसऱ्या हातात सुई धरून उभी असते आणि हे दोन शब्द वेगळे समजून दोनदा पाठ करत असते.

पोटाच्या वरच्या भागात, फासळ्यांच्या कूर्चेखाली दोन्ही बाजूंना जी जागा आहे तिला 'हायपोकॉन्ड्रियम' म्हणतात. 'कॉन्ड्रोस' म्हणजे कूर्चा. उजव्या बाजूला यकृत, डाव्या बाजूला प्लीहा. उदासीचं, विनाकारण चिंतेचं मूळ या जागेत आहे असं युरोपात फार पूर्वीपासून मानत, त्यावरून 'हायपोकॉन्ड्रिया' शब्द निघाला: काही नसताना आपल्याला मोठा आजार झालाय असं सतत वाटणं. हे वाचताना मला लॅबमध्ये येणारे एक आजोबा आठवतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तरी नेमका उजव्या फासळीखाली हात ठेवून म्हणायचे, "ताई, इथं कालवतंय बघा." हजारो वर्षांची परंपरा चालवत होते, त्यांना ठाऊक नव्हतं.

आता थायरॉईडकडे येते, कारण यात नर्सच नव्हे तर शिकलेले पेशंटही फसतात. एक बाई रिपोर्ट घेऊन आल्या. टीएसएच १८. आमच्याकडे नॉर्मल साधारण ०.४ ते ४. आकड्यापुढे 'जास्त'ची ठळक खूण. त्या म्हणाल्या, "थायरॉईड वाढलाय, म्हणून गोळी बंद केली. आधीच वाढलाय, त्यात गोळी खाऊन अजून कशाला वाढवू?" त्यांच्या हिशेबात चूक नव्हती, नावात होती. टीएसएच थायरॉईड ग्रंथी बनवतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी सोडते, थायरॉईडला कामाला लावण्यासाठी. ग्रंथी सुस्तावली की पीयूषिका जास्त ओरडते. सासू जितकी मोठ्यानं हाका मारतेय तितकं समजायचं की आत कुणी उठलेलं नाही. टीएसएच वर, म्हणून थायरॉईड खाली, म्हणून आजाराचं नाव हायपो. रिपोर्टवरची खूण एका गोष्टीबद्दल बोलते आणि आजाराचं नाव दुसऱ्या. बाईंना मी गोळीबद्दल काही सांगितलं नाही, ते माझं काम नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पण 'थायरॉईड वाढलाय' हे वाक्य अख्ख्या जिल्ह्यातून हद्दपार करता आलं तर मी आनंदानं पेढे वाटीन.

असाच घोटाळा सलाइनचा. 'हायपोटॉनिक' द्रावणात पेशी फुगते की आक्रसते? पोरं 'हायपो' ऐकतात आणि 'आक्रसते' लिहितात. कमीपणा पेशीत नाही, बाहेरच्या पाण्यात आहे. बाहेर मीठ कमी, म्हणून पाणी पेशीत शिरतं आणि ती फुगते. घरी मनुका रात्रभर साध्या पाण्यात टाका, सकाळी टम्म. कैरीच्या फोडी मिठात घाला, पाणी सोडून मऊ पडतात, ते हायपरटॉनिक. ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइन दोन्हींच्या मध्ये, आयसोटॉनिक. द्राक्षाच्या गावातल्या पोरीला मनुक्याचं उदाहरण देऊनही विसरली, तर तिला बागेत पाठवा.

एक प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा. लॅब नवीन होती. संध्याकाळी एका दवाखान्यातून फोन आला, अमुक पेशंटचं पोटॅशियम काय आलं? मी म्हटलं, "हायपर आहे." फोनची लाइन खरखरत होती, पलीकडच्या सिस्टरनं 'हायपो' ऐकलं. पोटॅशियम कमी असेल तर सलाइनमधून पोटॅशियम देतात. जास्त असेल आणि वरून आणखी दिलं तर हृदयच थांबू शकतं. नशीब, सिस्टर जुन्या आणि खमक्या. त्यांनी विचारलं, "आकडा सांगा." आकडा ६.१ होता; नॉर्मल ३.५ ते ५. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये फोनवर हायपो-हायपर हे शब्दच बंद. 'पोटॅशियम वाढलंय, सहा पूर्णांक एक' असं मराठीत सांगायचं आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. वेगळा ऐकू येणारा शब्द बोलायचा. पांडित्य रिपोर्टवर असू द्यावं.

त्या पेशंटची गंमत पुढेच आहे. त्यांचं पोटॅशियम मुळात वाढलेलं नव्हतंच. रक्ताची नळी तालुक्याहून मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत आली होती. वाटेत लाल पेशी फुटल्या, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं आणि आकडा फुगला. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, सरबतासारखं गुलाबी दिसत होतं, ते मी तेव्हाच बघायला हवं होतं. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तर ४.४. अशा खोट्या वाढीला 'स्यूडोहायपरकॅलेमिया' म्हणतात. 'स्यूडो' म्हणजे खोटं, तोही ग्रीक. मधला 'कॅल' 'कॅलियम'वरून, आणि ते अरबीतल्या 'अल-कली'वरून, म्हणजे वनस्पतींची राख. पोटॅशियमची खूण 'के' आहे ती त्यामुळेच. शेवटचा 'एमिया' पुन्हा ग्रीक, 'हैमा' म्हणजे रक्त. इतका लांबलचक शब्द तोडला की चार तुकडे: खोटं, वर, पोटॅशियम, रक्तात. मागून वाचत या, मराठी वाक्यच तयार: रक्तात पोटॅशियम वर, पण खोटं.

मोठा शब्द असाच शेवटाकडून वाचावा, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. हायपोग्लायसेमिया: रक्तात, साखर, खाली. हायपोनॅट्रेमिया: रक्तात, सोडियम, खाली. 'नॅट्र' हे 'नॅट्रियम', म्हणून खूण 'एनए'. हायपरटेन्शनमध्ये मात्र वरचा अर्धा ग्रीक आणि खालचा 'टेन्शन' लॅटिन. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण रक्तदाब त्यामुळे काही कमी होत नाही.

आता वॉर्डातला एक चकवा. नुसतं 'हायपो' म्हटलं तर कुठला? मधुमेहाच्या वॉर्डात 'सात नंबरला हायपो झालाय' म्हणजे साखर ७० च्या खाली गेली, शुद्धीवर असेल तर ताबडतोब तोंडानं ग्लुकोज किंवा साखर द्या. ड्रेसिंगरूममध्ये 'हायपो आण' म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सांडलेलं रक्त पुसायचं जंतुनाशक. आणि माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेच्या डार्करूममध्ये फिल्म पक्की करायच्या द्रावणाला जुने टेक्निशियन 'हायपो'च म्हणत. आमच्या बॅचच्या एका मुलीला हायपो आणायला पाठवलं तर ती ग्लुकोज घेऊन आली होती. उलटं झालं नाही हे बरं.

रसायनातल्या त्या दोन्ही नावांत 'हायपो'चा अर्थ 'एक पायरी खाली' असा आहे. क्लोराइटमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू, हायपोक्लोराइटमध्ये एक. डार्करूममधल्या द्रव्याची कथा अधिक मजेदार. १८१९ मध्ये जॉन हर्शेल यांना कळलं की हे मीठ चांदीचे क्षार विरघळवतं. तेव्हा त्याचं नाव 'हायपोसल्फाइट ऑफ सोडा'. वीस वर्षांनी फोटोग्राफी आली तेव्हा चित्र टिकवायला तेच कामाला आलं. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी नाव बदलून 'सोडियम थायोसल्फेट' केलं, पण फोटोग्राफरांच्या तोंडचं 'हायपो' गेलं नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळापासून ते पार डिजिटल येईपर्यंत फिल्म धुणाऱ्या माणसांचे हात या हायपोतच बुडालेले असत.

आणि हे दोन हायपो एकमेकांचे वैरी आहेत. नळाच्या पाण्याचा नमुना जंतूंच्या तपासणीला घेतात ती बाटली कोरी नसते, तिच्यात थोडं थायोसल्फेट आधीच टाकलेलं असतं. कारण पाण्यातलं क्लोरीन लॅबपर्यंतच्या वाटेत जंतू मारत राहिलं तर तपासायचं काय? हा हायपो त्या क्लोरीनला तिथल्या तिथे गप्प करतो. नमुना घेणारा नवा शिपाई ती बाटली 'अस्वच्छ' समजून नळाखाली विसळतो, हा अनुभव आम्ही दर पावसाळ्यात घेतो.

जाता जाता, 'हिप्पो' वेगळा. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा, आणि हिप्पोक्रॅटिसच्या नावातही तोच घोडा. त्याचं नातं आपल्या 'अश्व'शी आहे, 'उप'शी नाही. पण 'हायफन' मात्र घरचाच: 'हुपो' आणि 'हेन', म्हणजे 'एकाखाली'. दोन अक्षरं जोडून वाचायची असतील तर ग्रीक लेखनिक त्यांच्याखाली एक वक्र रेघ काढत. ती पुढे खालून मधोमध आली. गणितातला 'हायपोटेनस', आपला कर्ण, म्हणजे काटकोनाखाली ताणलेली रेघ. 'हायपोथेसिस' म्हणजे खाली ठेवलेलं, ज्याच्यावर पुढचं उभं करायचं ते. मराठीत आपण त्याला 'गृहीतक' म्हणतो, धरून चाललेलं. 'खाली ठेवणं' आणि 'धरून चालणं', दोन भाषांनी एकच काम दोन हातांनी केलंय. मला आपलं जास्त आवडतं.

मराठी प्रतिशब्दांबद्दल विचाराल तर माझं मत मिश्र आहे. 'उच्च रक्तदाब' उत्तम, खेड्यातल्या आजीलाही कळतो. 'अधस्त्वचीय' मात्र कोशातच राहू द्या. 'कातडीखाली' म्हटलं की पुरे. आणि 'हायपो'साठी 'उप' वापरायचा मोह धरू नये. भावंडं असली तरी आपल्याकडे 'उप' आता दुय्यम पदावर रुजू झालाय: उपअभियंता, उपसरपंच. 'उपशर्करा' म्हटलं तर लोकांना वाटेल मुख्य साखर रजेवर आहे.

पुतणीला एक वही करायला सांगा. डाव्या पानावर वॉर्डात किंवा रिपोर्टवर दिसलेला शब्द, उजव्या पानावर तो मागून पुढे तोडून मराठीत. हायपर असेल तर 'वर' लिहायचं, हायपो असेल तर 'खाली', आणि प्रत्येक वेळी त्याच्याआधी 'काय?' किंवा 'कशाच्या?' याचं उत्तर. 'कमी' आणि 'जास्त' हे शब्द पहिला महिना वापरायचेच नाहीत. हायपोथायरॉईडच्या पानावर टीएसएचचा बाण मुद्दाम उलट्या दिशेनं, लाल पेनानं काढायचा. शंभर शब्द झाले की वही घेऊन तिला शनिवारी दुपारी लॅबवर पाठवा, त्या वेळी गर्दी नसते.